कार्डाला शिवलेलं कव्हर

भिंगवाल्या बाईंच्या घरात उघडं असं काही राहत नसे. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, इस्त्रीलासुद्धा झालरीचं कव्हर. एखादा पाहुणा फार वेळ एका जागी बसला असता तर त्यालाही मिळालं असतं. अपवाद एकच, कपाटावरचा मायक्रोस्कोप. हिवतापाचे जंतू शोधण्यात प्रयोगशाळेत बाईंचा उभा जन्म गेला. काम संपलं की मायक्रोस्कोप झाकायचा, ही तिथली शिस्त. निवृत्त होताना तोच मायक्रोस्कोप त्यांना भेट मिळाला, पण घरी त्यांनी तो कधी झाकला नाही. काम संपलंय असं त्यांना मुळी वाटतच नव्हतं.

आता मात्र डोळ्यांनीच दगा दिला. नजर मधोमध पुसट होत चालली होती आणि ती परत येणार नव्हती. मग त्यांच्याकडे राहणाऱ्या भाचीने बाईंनी खुणा केलेल्या रक्ताच्या जुन्या काचपट्ट्यांचे फोटो घेऊन घरच्या कॉम्प्युटरला तेच काम शिकवायला घेतलं. बाईंचं मागणं एकच होतं. यंत्र शिकलेलं आपल्या डोळ्यांनी दिसावं, नुसतं कानावर येऊ नये.

"हे ग्राफिक्स कार्ड खेळांसाठी बनवतात गं आत्या," भाची म्हणाली, "पण याच्यात हिशेब करणारे हजारो आहेत, सगळे एकदम कामाला लागतात."

बाई थक्क झाल्या. एकेक काचपट्टी सरकवत आपण वर्षानुवर्षं पाहिलं, ते हे यंत्र भाजीला फोडणी पडेपर्यंत पाहून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं! हेवा कसला, त्यांना हात जोडावेसे वाटले.

आणि एवढ्या गुणी यंत्रावर धूळ बसू द्यायची? छे! बाईंनी कार्ड बसवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्याला झालरीचं कव्हर शिवलं. भाची हसेल म्हणून ती ऑफिसला गेली की चढवायचं, यायच्या आत उतरवायचं.

भाची ऑफिसातूनच कामावर लक्ष ठेवायची. "दिवसा रडतखडत चालतं आणि मी घरी आले की सुतासारखं सरळ!" तिने सगळा प्रोग्राम उलटापालटा केला, पण उपयोग शून्य. इकडे बाईंच्या नजरेतला डाग वाढत होता.

एका दुपारी भाची न सांगता घरी आली. झालरीच्या आत पंखे ऊर फुटेस्तोवर फिरत होते.

"आत्या! अगं, तापलं की ते आपणहून हळू होतं!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मीच त्याचा गळा आवळत होते!" दोघी हसत सुटल्या, आणि हसता हसता बाईंचे डोळे भरून आले.

कव्हर निघालं आणि कार्ड उधळलं. थोड्याच दिवसांत शिकवणी संपली. भाचीने एक अगदी नवी काचपट्टी पडद्यावर मोठी करून लावली. यंत्राने एका पेशीभोवती गोल काढला. बाईंनी मान तिरकी करून कडेच्या शाबूत नजरेने पाहिलं. आत हिवतापाच्या जंतूची बारीक जांभळी अंगठी होती. शेजारी रंगाचा तसाच एक डाग होता, नवखे हमखास फसतात तसला. यंत्राने तो सोडून दिला होता.

"बरोबर आहे ना, आत्या?"

बाईंनी पडद्यावरच्या गोलावर बोट ठेवलं. "मी बघितलं असतं तसंच बघितलं गं त्यानं."

मग त्यांनी चाचपडत ते कव्हर उचललं. मायक्रोस्कोपला ते चांगलंच ढगळ झालं, पण बाईंनी घातलं आणि झालर नीट केली.