वालूरचा पिठाचा माणूस

योहानाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्याचे कळले आणि यंदाचा नाताळ वालूरला करायचा हे ठरून गेले. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात त्या नर्स होत्या. मूळच्या हॉलंडच्या, आता साठी ओलांडलेल्या, आणि परभणी जिल्ह्यातल्या या गावात एकट्याने छोटा दवाखाना चालवणाऱ्या. दर डिसेंबरात त्या आपल्या देशाची मसाल्याची बिस्किटे भाजतात, लाकडी साच्यातून काढलेली. "यंदा साच्यातली रेघ दिसत नाही. तू येऊन साचा भर," असा त्यांचा निरोप होता. माझी शाळा बंद होती. चाळिशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या हेडमिस्ट्रेसला नाही म्हणायला कारण शोधावे लागते. मी शोधले नाही.

औरंगाबादहून सकाळची गाडी धरली की दुपारी सेलूला उतरता येते. स्टेशनबाहेर वालूरकडच्या बैलगाड्या मिळतात. भाडे आधी ठरवावे, आणि पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी निजामाची हाली नाणी जवळ ठेवावीत, इंग्रजी कलदार रुपया पाहिला की गाडीवान बदलाच्या बट्ट्यावरून हुज्जत घालतो. वाट काळ्या मातीची, चाकोऱ्या खोल. थंडीत ठीक, पावसाळ्यात या वाटेचा विचारही करू नये. दुतर्फा वेचून झालेला कापूस आणि गाडीपेक्षा उंच ज्वारी.

"मडमकडं जायलाव का?" गाडीवानाने विचारले.

"हो."

"माणसं भाजायला?"

मी हसले. तो हसला नाही. "परवा उन्हात ठिवला व्हता म्हणं लाकडाचा माणूस. त्याच्यातून ती पिठाचा माणूस काढती. पोरं सांगायलीत. मी न्हाई बघितला, बघायचाबी न्हाई."

त्याने बैल हाकले. एका ठिकाणी ज्वारी आमच्या बरोबरीने हलत होती. वारा पडलेला होता. आम्ही थांबलो की ती थांबे, निघालो की हले. "रानडुक्कर आसंल," तो म्हणाला. रानडुकराच्या वासाने बैल बिचकतात असे ऐकले आहे. बैल शांत होते. तरी मी ते उत्तर घेतले, कारण माझ्याजवळ दुसरे नव्हते.

बाईंचे घर म्हणजे दवाखान्याची पडवी आणि मागे दोन खोल्या. भाकरी, वांग्याची भाजी आणि लसणाचा ठेचा तयार होता. तो सगळा कौसाबाईचा हात. कौसाबाई त्यांच्याकडे काम करते, तिशीतली, चार एकरांच्या कोरडवाहू शेतकरी घरातली सून. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचा नवरा ज्ञानोबा लढाईच्या काळात मजुरीला बसऱ्याकडे गेला, तो परत आला नाही. पत्र नाही, खबर नाही. हे बाईंनी मला ती आत असताना हळूच सांगितले.

मग साचा दाखवला. पवनचक्की, जहाज, घोडा हे बाकीचे साचे वाळवीने खाल्ले होते. उरला होता तो एक माणूस, हातभर उंच, टोपी घातलेला, एक हात किंचित वर. वाळवीने याला का सोडले कोण जाणे. साच्यातला चेहरा खोलगट असतो, नाकाच्या जागी खड्डा. पण खिडकीतल्या उजेडात पाहिले तर तो खड्डा वाटत नाही, उलट चेहरा बाहेर आल्यासारखा दिसतो, आणि आपण सरकलो की तो आपल्याकडे वळतो. दृष्टिभ्रम आहे हे मला ठाऊक आहे. मी दोनदा सरकून पाहिले आणि साचा पालथा घातला.

ज्यांना ही बिस्किटे करायची असतील त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचे वस्त्रगाळ पीठ, पिठाच्या निम्मे लोणी, तेवढाच किसलेला गूळ, चिमूटभर सोडा. मसाल्यात दालचिनी सर्वांत जास्त, मग लवंग, जायफळ, वेलदोडा, सुंठ आणि थोडे पांढरे मिरे. अंडे नाही, त्यामुळे शेजारपाजारी कुणालाही देता येतात. गोळा रात्रभर झाकून ठेवायचा. मसाला कौसाबाईने पाट्यावर वाटला, गोळा तिनेच मळला.

"आमच्या गावी हा माणूस लग्नाच्या मुलीला देतात," योहानाबाई म्हणाल्या. "हा तुझा नवरा म्हणून."

कौसाबाईने माझ्याकडे पाहिले. "मग बाईंला एक द्याच. पिठाचा तर पिठाचा. भांडायचा तरी न्हाई."

"आणि मला?" योहानाबाई म्हणाल्या.

"तुमाला दिसायचा न्हाई. कुणी बी चालंल."

आम्ही तिघी हसलो. त्या प्रवासातले ते शेवटचे मोकळे हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूच्या टिनवाल्याने केलेली पत्र्याची पेटी अंगणात मांडली. खाली निखारे, झाकणावर निखारे. आधी गोळ्याच्या काही चकत्या भाजून आच पाहिली. सुपात गार करायला ठेवल्या तर कावळे उतरले आणि बऱ्याच पळवल्या. मी हाकलले. "खाऊ दे," बाई म्हणाल्या, "त्यांना माझी चव कळते."

मग मी साच्यात तांदळाची पिठी भुरभुरली, गोळा दाबला, वरचे पीठ सुरीने सपाट केले आणि साचा ताटावर आपटला. माणूस निघाला. नाक, टोपी, बंडीची बटणे, वर केलेला हात. दुसरा निघाला, तो तसाच. दोघांना पेटीत ठेवून झाकण लावले. मागे वळले तर कौसाबाई भिंतीला टेकून उभी होती.

"बाई, आमच्यात पिठाचा माणूस करत्यात. कवा करत्यात, ठाव हाय का?"

मला ठाऊक होते. माझ्या आजोळी मी तो विधी पाहिला आहे. परमुलखात गेलेल्या माणसाचा वर्षानुवर्षे पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा आणि पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग सुतक, दहावा, आणि त्याच्या बायकोचे कुंकू पुसणे. हे सगळे माहीत असून काल साचा पाहताना मला ते आठवले नव्हते.

"मी बाहेर काढते. मोडून टाकू," मी म्हणाले.

"नगं. आता मोडला तर आणखीन वंगाळ. ऱ्हाऊ द्या."

पडवीत औषधाला आलेल्या दोघी बायका बसल्या होत्या. मी पाहिले तेव्हा त्या उठून गेल्या होत्या.

दालचिनीचा वास अंगणभर पसरला तोवर किसन आला. हा कौसाबाईचा धाकटा दीर. अनवाणी, डोक्याला काही न बांधलेला.

"वैनी, चला. आईनं पाणी ठिवलंय."

"कशाचं पाणी?"

"अंघुळीचं. पीठ तुमच्या हातचं, अंगणात आग. दादा सुटला." तो रडत होता. "रोज आईच्या सपनात दारात येऊन हुबा ऱ्हातोय. तहानलाय म्हणती. आत येत न्हाई, जात न्हाई. मी कवाचा म्हणायलोय, करून टाकू. तुमी आयकत नव्हता. आता झालं."

योहानाबाई विचारत होत्या, कोण आलंय, काय झालंय. मी सांगू लागले, पण कौसाबाईने फडक्याने झाकण उचलले होते. निखारे अंगणात सांडले. आत दोन्ही माणसे तांबूस, कडक, सबंध.

"जळाला कुठं?" ती म्हणाली. "बघा, भावजी. बोटसुदिक गेलं न्हाई."

तिने एक माणूस पदरात घेतला आणि चालू लागली. मी बाईंचा हात धरून मागोमाग गेले.

तिच्या दारात बायका जमल्या होत्या. घंगाळात पाणी वाफाळत होते. सासू उंबऱ्यावर बसली होती, वाळलेली, लहानशी. कौसाबाईने माणूस तिच्या मांडीवर ठेवला.

"मामी, आगीत गेला आन् सगळाच्या सगळा परत आला."

म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग छातीवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ऊब हाय अंगात," ती म्हणाली.

"आई, चुलीतून काढलंय, ऊब ऱ्हाणारच," किसन म्हणाला. "आगीला दिलं ते दिलं."

बायकांमध्ये कुजबुज झाली. एक म्हणाली, पुरे झालं आता, पाणी निवायलंय. कौसाबाईचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"तुमचं कुणाचंच नगं," म्हातारी म्हणाली. "कावळ्याला इचारा."

पिंडाला कावळा शिवला तर माणूस गेला आणि सुटला, हे तिथे कुणाला सांगावे लागले नाही. किसनने माणूस अंगणाच्या भिताडावर उताणा ठेवला आणि शेजारी पाण्याची वाटी. आम्ही सगळे मागे सरकलो.

कावळे लिंबावर होतेच. एक उतरला. भिताडावरून दबकत चालत आला, मान तिरकी करून त्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि पाठ न वळवता मागे मागे सरकत गेला. कावळ्याला असे चालताना मी कधी पाहिले नव्हते. दुसरा आला, तो वाटीतले पाणी प्यायला, पण त्याने माणसाला चोच लावली नाही. मग बरेच आले. भिताडावर ओळीने बसले, सगळे एकाच बाजूला तोंड करून. एकही ओरडला नाही.

लवंग आणि मिऱ्यांचा वास त्यांना नको असेल, हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते. आणि मला सूप आठवले. तोच गोळा, तीच सकाळ, बहुधा तेच कावळे.

भिताडाची सावली अंगणातून सरकून पायाशी गेली तेव्हा म्हातारी उठली. तिने घंगाळ कलते केले आणि सगळे पाणी जमिनीवर सोडून दिले.

"ज्याला तहान हाय त्यानं घरात येऊन प्यावं," ती म्हणाली. "माझी सून सवाशीन हाय."

किसनने माणूस उचलून आईच्या हाती दिला. "जित्ता हाय तर मग येत का न्हाई त्यो?" त्याने विचारले. कुणाला विचारले ते मला कळले नाही. कौसाबाईचा हात अजून कपाळाशीच होता, कुंकू झाकून.

परतताना मी योहानाबाईंना सुपाचे सांगितले. "मला काय विचारतेस," त्या म्हणाल्या. "मला कावळे दिसत नाहीत." नाताळ आम्ही चकत्यांवर आणि चहावर केला. उरलेला माणूस त्यांनी डब्यात घालून मला दिला. लग्नाच्या मुलीचा वाटा म्हणाल्या.

निघताना कौसाबाई गाडीपर्यंत आली. डब्याकडे पाहत म्हणाली, "बाई, ह्योबी त्योच हाय. एकाच गोळ्याचा. तिकडं याला उघड्यावर ठिवू नगा."

"नाही ठेवणार."

"आन् ठिवलाच, आन् शिवला, तर मला कळवू नगा."

सेलूच्या वाटेवर ज्वारी स्थिर होती. मी मुद्दाम पाहत होते.

औरंगाबादला येऊन आता महिना होत आला. वालूरला जावे का, असे मैत्रिणी विचारतात. जावे. थंडीत जावे, अंथरूण-पांघरूण बरोबर न्यावे, ज्वारीची अशी गोड भाकरी दुसरीकडे मिळत नाही. सुपाचे मी त्या अंगणात बोलले नाही, ते कौसाबाईसाठी की स्वतः घाबरले म्हणून, हे मला अजून ठरवता आलेले नाही. डबा फळीवर आहे. त्यातला माणूस एकदा खिडकीत ठेवला तर उत्तर मिळेल, निदान कावळ्यांना मसाला आवडतो की नाही एवढे तरी. पण ते उत्तर मला कळले की वालूरमधली एक बाई माझ्यापुरती विधवा होऊ शकते, आणि तिला ते कधी कळणार नाही.

सकाळी एक कावळा खिडकीच्या गजावर येऊन बसतो. पूर्वीही येत असेल. मान तिरकी करून फळीकडे पाहतो. मी चहा ठेवते, आणि खिडकी लावून घेते.