आक्कांची बसकण

अनगोळच्या मैदानावर सकाळी फिरताना भेटणाऱ्या आक्कांचं नाव मी कधी विचारलं नाही. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी त्यांना वजन उतरवायला सांगितलंय. दर शनिवारी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर चढण्याआधी त्या चपला काढतात आणि मोबाईल, किल्ल्या माझ्या हातात देतात. "हे धर गं, ह्यांचं वजन माझ्यावर नको."

सुरुवातीला काटा भराभर उतरला, मग अडला. माहेरच्या जत्रेनंतर तर उलटा चढला. मला वाटलं, आता आक्का यायच्या बंद होणार. त्या हसल्या. "पुरणाच्या होळग्या खाल्ल्या लई. त्या कुठं जातील? उतरंल सावकाश." दुसऱ्या दिवशी माझ्या आधी मैदानावर हजर.

गेल्या शनिवारी काटा पुन्हा जागचा हलला नाही. परतताना देवळात बायका महाप्रसादाची भाजी निवडत बसल्या होत्या. कुणीतरी नेहमीसारखी आक्कांसाठी खुर्ची आणली. ती त्यांनी एका म्हातारीला दिली, भिंत धरली आणि हळूहळू खाली टेकल्या. चक्क मांडी घालून. सगळ्या बघतच राहिल्या.

"काय बघताय? शेंगा द्या हिकडं," आक्का म्हणाल्या.

उठायला माझा हात लागणार होता. पण उठायची त्यांना मुळीच घाई नव्हती.