अवतरणातलं ‘नाही’

मेहविशने पोह्यांचा घास तोंडापर्यंत नेला, लॅपटॉपकडे पाहिलं आणि घास तसाच ताटलीत परत ठेवला.

“आजी, शिसारी येते हो.”

“माझ्या पोह्यांची?”

“याची!” तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “ही घाण बघा.”

मला त्यात कंस आणि टिंबं दिसली. माझं आयुष्य नाटकाच्या दौऱ्यांवर गेलं. रंग, उजेड, टाळ्या, पहाटेची एसटी, एवढंच मला कळतं. पण किळस आलेला चेहरा मी ओळखते, आणि हिचा चेहरा अभिनय करत नव्हता.

मेहविश मोमीन मूळची येवल्याची, विणकरांच्या घरातली. गंगापूर रोडवरच्या माझ्या घराची वरची खोली तिला भाड्याने दिली आहे, पण मुक्काम बहुतेक माझ्या ओट्यापाशी. तिची नानी गुलजारबी अजून मागावर बसते. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी सुलट्यासारखाच दिसतो. यंत्रावरच्या पदरामागे सुटे धागे लोंबतात. त्यामुळे आधी उलटी बाजू बघायची, ही नानीची शिकवण. पोरीने ती साड्यांपुरती ठेवली नाही. माझ्या घरी आली त्या दिवशी तिने गॅसची शेगडी उचलून खाली पाहिलं होतं. मला राग आला आणि मग लाजही वाटली, कारण खाली खरोखरच बघवत नव्हतं.

ती ‘बॅकएंड’चं काम करते. म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, “पडद्यामागचं, आजी. लोकांना वेबसाइट दिसते. मागे माहिती कोण आणतं, कुठे ठेवतं, कुणाला देतं, ते मी बघते.” त्या क्षणी ती माझी झाली. ‘जेसन’ नावाच्या प्रकारात ही माहिती ये-जा करते, तेही तिने समजावलं. आमच्या विंगेत प्रॉपर्टीचं टेबल असायचं. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी: तलवार, पत्र, तांब्या. चिठ्ठी एक आणि वस्तू भलतीच असली की राजा तांब्या उपसून युद्धाला निघतो. जेसन म्हणजे तसंच टेबल. डावीकडे नाव, मध्ये दोन टिंबं, उजवीकडे वस्तू.

त्या सकाळची घाण अशी. एका संस्थेचं नाशकात पैठणीचं प्रदर्शन होतं, आणि त्याची वेबसाइट मेहविशच्या कंपनीने केलेली. विणकरांनी फॉर्म भरायचा. त्यात एक प्रश्न: यंत्रमाग वापरता का? ज्यांचं उत्तर नाही, त्यांना हातमागाचा शिक्का आणि प्रदर्शनात जागा. बाकीचे बाहेर. गुलजारबीने नाही लिहिलं होतं, आणि तिच्या नावापुढे आलं होतं, यंत्रमाग. नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा तरी तो कोड. मेहविश नुकतीच या कामावर आली होती.

“पण तिने नाही लिहिलं ना?” मी म्हटलं.

“तेच तर. फॉर्म करणाऱ्याने उत्तर शब्द म्हणून पाठवलं. अवतरणचिन्हांत. कॉम्प्युटरचं खरं नाही वेगळं असतं, त्याला अवतरण नसतं. अवतरणातलं ‘नाही’ म्हणजे नुसता एक शब्द. कोड एवढंच बघतो की जागा रिकामी आहे का. काहीतरी लिहिलंय? मग हो.”

“अगं बाई! आणि ज्यांनी उत्तरच दिलं नाही?”

“रिकामं. म्हणजे नाही. त्यांना हातमागाचा शिक्का.”

आता मीही चहाचा कप खाली ठेवला. ज्या बायकांनी खरं लिहिलं त्या यंत्रवाल्या ठरल्या, आणि ज्यांनी प्रश्न चुकवला ते हातमागवाले! एवढं निलाजरं प्रहसन आम्ही रंगवलं असतं तर लोकांनी खुर्च्या फेकल्या असत्या.

तेवढ्यात तिचे साहेब राकेश यांचा फोन आला. तिने स्पीकर लावला, हात पोह्यांचे होते म्हणून.

“मेहविश, कसला मेल टाकलायस? एवढं काय आभाळ कोसळलं? साइट चालतेय ना?”

“चुकीची चालतेय, सर.”

“चालतेय ना पण.”

“सर, वय मराठी आकड्यांत लिहिलं की कोड ते शून्य करतो. आपल्याकडे शून्य वर्षांच्या विणकर बायका आहेत.”

“हॅ हॅ! बाळसं चांगलं धरलंय त्यांनी.” मग आवाज मऊ झाला. “तुझ्या येवल्याच्या आजीचं नाव त्यात आहे ना? मग सरळ डेटाबेसमध्ये हाताने बदल. एक ओळ. कुणाला कळतंय?”

“आणि बाकीच्या?”

“अगं, रिकामं सोडणारे मोठे शोरूमवाले आहेत. पुढचे सगळे स्टॉल त्यांचे. त्यांना आता नव्याने प्रश्न विचारायचा? चालतंय ते चालू दे.”

फोन ठेवल्यावर मेहविशने हात दोनदा धुतले. मला त्या ‘चालतंय’ची खरी किळस आली. भिंतीला ओल आली, चालतंय. मीटरच्या पेटीवर पानाची पिंक, चालतंय. आमच्या वेळी फाटका पडदा कुणी असा चालवला असता, तर आमच्या मालकांनी त्याच पडद्यात गुंडाळून त्याला घरी धाडलं असतं.

तिने येवल्याला फोन लावला. “नानी, तुझं एकटीचं नाव मी लगेच नीट करू शकते.”

“एकटीचं? अन् समोरच्या मागावरची यशोदाबाई?”

“तिचं आत्ता होणार नाही.”

“मग माझं बी नको, बेटा. गल्ली म्हनंल, नात कंप्युटरमधी हाय म्हनून शिक्का भेटला. वरून पदर झ्याक अन् मागून धागे. असली पैठणी मी कवा इनली का?”

“मग जागा जाईल, नानी.”

“तू इन ना नीट. तुला कुनी आडवलं?”

मेहविश हसली, लॅपटॉप ओढला आणि बसली. काय करते ते मधूनमधून मला सांगत होती, आणि मी माझ्या भाषेत समजून घेत होते. आमच्या नाट्यगृहाच्या दारावर डोअरकीपर असायचा. तिकीट दाराशीच बघायचा, माणूस रंगमंचावर पोचल्यावर नाही. तिने सर्व्हरच्या दारात तसाच डोअरकीपर उभा केला. उत्तर खरं हो किंवा खरं नाही असेल तरच आत. नुसता शब्द आला, परत जा. रिकामं आलं, परत जा. आणि परत पाठवताना काय चुकलं ते स्वच्छ सांगायचं. जुना कोड काहीही बिघडलं तरी ‘यशस्वी’ असं उत्तर द्यायचा. ते वाचताना तिने नाक मुरडलं. “आजी, याच्याइतकी घाण दुसरी नाही. पडला तर पडलो म्हणावं.”

आधी जमा झालेल्या प्रत्येक ‘नाही’चं अवतरण काढून तिने ते खरं नाही केलं. रिकाम्यांचा शिक्का काढून तिथे ‘उत्तर बाकी’ लिहिलं. फॉर्मच्या पानावरही तसा बदल केला. सगळ्यात शेवटी एक चाचणी लिहिली, जी कोड बदलला की दर वेळी अवतरणातलं ‘नाही’ मुद्दाम पाठवते आणि ते दारात अडतं का बघते; अडलं नाही तर लाल होते. चाचणीला नाव दिलं, गुलजारबी. मग काय चुकलं होतं आणि काय बदललं, ते तिने संस्थेला स्वतःच्या नावाने कळवलं. राकेशसाहेबांना त्याची प्रत, उघड.

शोरूमवाल्यांची उत्तरं भराभर आली. सगळी ‘नाही’च. खोटं बोलणारा कोडला ओळखता येत नाही, असं मेहविशने संस्थेला लिहिलंच होतं. संस्थेच्या बायकांनी मग प्रदर्शनाच्या दारात साड्या उघडून पदर उलटे केले. लोंबणारे धागे पाहून एकीने तोंडाला रुमाल लावला. पुढचे बरेच स्टॉल रिकामे राहिले.

गुलजारबी आणि यशोदाबाई एसटीने आल्या होत्या. शिक्का लावलेली साडी समोर ठेवून गुलजारबी येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणत होती, “आधी उलटी करून बघा.” मी एका मोरावर बोट फिरवलं. मागून पुढून तोच मोर. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी दाद मी दिली, आणि मेहविश लाजून दुसरीकडे बघायला लागली.

राकेशसाहेबांनी तिला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिला दुसरं काम मिळालं. परवा ओट्यापाशी भेंडी चिरत होती तेव्हा त्यांचा फोन आला.

“मेहविश, ती गुलजारबी नावाची काय भानगड आहे? नवा पोरगा काहीही बदलायला गेला की लाल होते. काढून टाकतो. आणि तू परत ये ना, थोडा पगार वाढवतो. येतेस?”

“नाही, सर.”

“म्हणजे विचार करतेस तर!”

मेहविशने सुरी खाली ठेवली. “सर, अवतरण काढून सांगते. नाही.”