साहेबांच्या पोटातला हिरा

पाटोदा तालुक्यात धुळाजीला सगळे 'सुरतवाला' म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून तो सुरतेला गेला आणि चौदा वर्षं हिऱ्यांना पैलू पाडत बसला. तेल आणि हिऱ्याचीच पूड लावलेली लोखंडी चकती गरगर फिरायची. तिच्यावर खडा टेकवायचा, उचलायचा, भिंगातून बघायचा, पुन्हा टेकवायचा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या खड्याला सत्तावन्न पैलू पाडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शहाऐंशीच्या दुष्काळात बायको मनकर्णाच्या आजारपणामुळं तो गावी आला, आणि ती बरी झाल्यावरही त्रिंबकरावांनी त्याला परत जाऊ दिलं नाही.

त्रिंबकराव पाच सहकारी संस्थांचे अध्यक्ष. दूध संस्थेत दूध नव्हतं, मच्छीमार संस्थेचं तळं आटलेलं. आता दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून त्यांनी हिरा पैलू सहकारी संस्था काढली. तेरा संचालक निवडले, तेराही त्यांचे सोयरे. हिरा ओळखणारा एकटा धुळाजी; त्याला शिपाई म्हणून घेतलं.

धुळाजीनं सुरतेच्या जुन्या शेठकडून, निव्वळ शब्दावर, एकवीस कच्चे खडे आणले. ते बघून त्रिंबकरावांचं तोंड उतरलं.

"हे हिरे? ही तर तुरटी हाय बे!"

"कच्चा हिरा असाच असतोय, साहेब. चमक घासल्यावर येती."

उद्घाटनाला बीडहून उत्तरेश्वरराव आले. हे एका बंद साखर कारखान्याचे अध्यक्ष. टेबलावर एका ताटलीत खडे मांडले होते, शेजारच्या ताटलीत नारळ आणि खडीसाखरेचा प्रसाद. या बीडच्या साहेबांनी भाषण करता करता हात लांबवला, हरभऱ्याएवढा सगळ्यात मोठा हिरा उचलला आणि तोंडात टाकला.

धुळाजी पुढं सरसावला. त्रिंबकरावांनी त्याच्या पायावर पाय दिला.

"खडीसाखर लई कडक हाय," साहेब म्हणाले आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून मोकळे झाले. टाळ्या पडल्या.

पाहुणे गेल्यावर धुळाजी त्रिंबकरावांना म्हणाला, "साहेब, खडा मागा की."

"पाहुण्याला काय इचारू? हागलात का म्हणून? घासण्यात घट येती ना? तसा ठराव करू."

"घट अर्ध्याची येती. अख्खा खडा उडून जात न्हाई."

रात्रभर त्याला झोप लागली नाही. शेठनं कागदसुद्धा न करता माल दिला होता. सकाळी मनकर्णा म्हणाली, "मेंढीनं कायबी गिळलं तर आपण काय करताव? तिच्या मागं मागं फिरताव. हे तर माणूस हाय. चला बीडला."

उत्तरेश्वररावांच्या बंगल्याच्या ओसरीवर अर्जदारांची रांग होती. कारकुनानं धुळाजीचं ऐकून घेतलं, बराच वेळ पेन चावला आणि विषय लिहिला, 'खनिज उत्खननास परवानगी मिळणेबाबत.' अर्ज तीन प्रतींत लागेल, आणि तो या ऑफिसचा नाही, असंही सांगितलं.

तोवर मनकर्णा मागल्या दारानं आत गेली होती. साहेबांच्या आई तुळजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि लेकाला हाक मारली.

"उत्तरेश्वर, पाटोद्याला काय खाल्लंस?"

"प्रसाद."

"हिरा खाल्लास, गाढवा!"

हिरा पोटात गेला की माणूस मरतो, एवढं एकच साहेबांना हिऱ्याबद्दल ठाऊक होतं. ते तिथंच पलंगावर आडवे झाले. अंबाजोगाईला डॉक्टर आणायला गाडी पिटाळली. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, काही होणार नाही म्हणाला, केळी खायला सांगितली आणि वाट बघा म्हणाला.

पुढचं काम कुणी करायचं, यावर बंगल्यातल्या सगळ्या माणसांनी धुळाजीकडं पाहिलं.

खाणीत हिरा कसा काढतात ते त्यानं शेठकडून ऐकलं होतं. माती पाण्यानं धुऊन चरबी फासलेल्या उतरत्या फळीवरून सोडायची. बाकी दगड ओले होऊन वाहून जातात, हिरा पाणी धरत नाही, चरबीला चिकटतो. त्यानं परसात पत्रा तिरका मांडला आणि जीपमधलं ग्रीस फासलं. पाणी लागलं, तसा साहेबांनी टँकर वळवला. बीड जिल्ह्यातली ही हिऱ्याची खाण तीन दिवस चालली. ओसरीवर लोकांना साहेब महत्त्वाच्या बैठकीत असल्याचं सांगितलं जात होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिरा पत्र्याला चिकटला. धुळाजीनं तो सोड्यानं धुतला, भिंगातून बघितला. खडा शाबूत होता.

साहेब पलंगावरून उठून आले आणि त्यांनी हिरा धुळाजीच्या हातातून घेतला. "माझ्या पोटातून निघाला, म्हणजे हक्क कुणाचा?"

"दे त्याचा त्याला," तुळजाबाई म्हणाल्या. साहेबांनी दिला, पण हात धुऊन.

दोघं वस्तीवर परतल्यावर कळलं की वळवलेला टँकर त्यांच्याच वस्तीचा होता. धुळाजीची भावजय चतुराबाई तीन दिवस दोन कोसांवरून पाणी आणत होती. तिनं विचारलं, "टँकर कावून आला न्हाई, बीडला काय कळलं का?" मनकर्णानं तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. धुळाजीला खरं सांगायची लाज वाटली. तो गुपचूप दोन हंडे घेऊन विहिरीकडं निघाला, आणि पुढचा आठवडाभर रोज तो जात राहिला.

उरलेल्या वेळात त्यानं एकवीसही खडे घासले. संस्थेचं तेवढंच उत्पादन. मोठा हिरा त्यानं सगळ्यात शेवटी घेतला. पैलू पडल्यावर त्याचं तेज असं निघालं की तेरा संचालक पहिल्यांदाच एकाच वेळी संस्थेच्या कारखान्यात आले. त्रिंबकरावांनी ठराव मांडला: खाणकामात प्रत्यक्ष सहभाग घेतल्याबद्दल उत्तरेश्वररावांचा जाहीर सत्कार करावा. ठराव एकमतानं पास झाला.

धुळाजी सत्काराला थांबला नाही. हिऱ्यांची पुडी कमरेला बांधून, मनकर्णाला सोबत घेऊन त्यानं सुरतेची वाट धरली. शेठनं माल तपासला आणि त्याची जुनी जागा त्याला परत दिली.