पुसलेलं पुस्तक

शेजारची ताई माझ्यापुढे एक इयत्ता होती. ऐंशीच्या दशकात आमच्या रत्नागिरीत शाळेची जुनी पुस्तकं एकीकडून दुसरीकडे जायची, आणि तिच्या दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकावर माझा डोळा होता. ती शिकवणीला जायची. धड्यांखालच्या प्रश्नांची उत्तरं, कवितांचे अर्थ, व्याकरण, सगळं तिने पेन्सिलीने त्या पुस्तकातच लिहून ठेवलं होतं. मला शिकवणी परवडणारी नव्हती आणि घरात इंग्रजीचा गंध कुणालाच नव्हता. दहावीला नापास झालीस तर शाळा बंद, मिरजोळ्याच्या कारखान्यात आंबे कापायला जायचं, असं बाबांनी मुंबईहून पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

"माझी दहावी आटपली की पुस्तक तुझं," ताई म्हणाली होती. त्या बोलीवर नववीचं अख्खं वर्ष मी तिच्या वाटचं पाणी भरलं. रहाट ओढून हाताला घट्टे पडले, पण मी खूश होते.

मे महिन्यात पुस्तक हातात आलं. उघडलं तर एकूण एक उत्तर खोडरबराने पुसलेलं. शिवणीत रबराचा चुरा अजून अडकलेला होता.

मी जाब विचारला तेव्हा ती वेणी घालत होती. "पुस्तक द्यायचं ठरलं होतं. उत्तरांचं कुठे काय बोललो आपण?" वेणी तिने हातातून सोडलीसुद्धा नाही. ते पुस्तक तिच्याच अंगावर भिरकवावंसं वाटलं मला. इतकं कुणी मला फसवलं नव्हतं. आईकडे तक्रार करायचीही सोय नव्हती, कारण मला आयती उत्तरं हवी होती हे कबूल कोण करणार?

मग वर्षभर दुपारी पडवीत बसून मी ती पानं उन्हात तिरकी धरून वाचली. जिथे पेन्सिल दाबून चालली होती तिथे शब्दांचे वळ राहिले होते. बाकीचं डोकं फोडून स्वतः लिहिलं. पानागणिक तिला शिव्या दिल्या. पास झाले.

आईने पहिला पेढा तिलाच द्यायला लावला. जमलेल्या बायकांना ताई म्हणाली, "माझ्याच पुस्तकावर अभ्यास केलान हो हिने." सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अकरावीचं पुस्तकपण तुलाच ठेवलंय. पाण्याचं तेवढं बघ, यंदा माझी बारावी."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आणील हो ती."