परीक्षेतला खो

आमच्या कॉलेजच्या खो-खो संघातली सुवर्णा परीक्षेत पेपरवर डोकं टेकून झोपली होती. उठवायला बाईंनी पाठीवर थाप मारली, तशी ती ताडकन उठून थेट दारापर्यंत धावली.

“अगं, खो नाही दिला तुला!” बाई म्हणाल्या. वर्ग हसला. मला नाही हसू आलं.

आधी कॉलेजच्या, मग विभागाच्या, मग विद्यापीठाच्या स्पर्धा. हिचा सीझन संपतच नाही. ट्रॉफी सगळ्यांची, नापास मात्र ही एकटी. खो-खोत खो देणारा निदान उठलेल्याच्या जागी बसतो. हिला वर्षभर पळवणाऱ्यांपैकी एकजण तरी हिच्या बाकावर बसणार आहे का?

सुवर्णा परत आली. पेपर कोराच होता.

“बाई, किती वेळ उरलाय?” तिनं धापा टाकत विचारलं.