आंघोळीच्या पाण्याचं गणित

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पाण्याचे फार हाल होते. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इंजिनीअर. संगणकाच्या एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला आकडेमोड करून आलेख काढणारा एक फुकटचा प्रोग्राम मिळाला, कोणीही वापरावा, हवा तसा बदलावा असा. आंघोळीचं पाणी साठवलं तर सोसायटीच्या बागेला किती पुरेल, हे त्यावर काढायचं मी मनावर घेतलं. घरोघरी जाऊन विचारलं, "आंघोळीला किती बादल्या लागतात?" टंचाईत खरं कोण सांगणार? जो तो म्हणे, "एकच, तीही अर्धी."

सोसायटीच्या सभेत मी रंगीत आलेख दाखवून गंभीरपणे जाहीर केलं, की साठवण्याइतकं पाणी आपल्याकडे नाहीच.

मागून बायको म्हणाली, "अहो, मग खालचं गटार कशानं वाहतंय?"

सभेत हशा पिकला. दुसऱ्या दिवशी मी इमारतीतल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी येतं त्या पाइपाखाली पिंप ठेवलं. सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या आतच ते भरून वाहिलं. योजना एकमताने मंजूर झाली आणि पिंप उपसायचं काम, तज्ज्ञ म्हणून, माझ्याच गळ्यात पडलं. त्यानंतर रोज सकाळी ऑफिसच्या कपड्यांत मी जास्वंदीला साबणाचं पाणी घालत असे.